माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांमागील प्रेरणा

माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या म्हणजे एखाद्या विद्यापीठातून किंवा महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेल्या व्यक्तींनी त्या संस्थेला स्वेच्छेने दिलेला पैसा, ग्रंथ, उपकरणे वा जमीन. अशा दानामागे कृतज्ञता, प्रतिष्ठा, सोबत्यांचा आग्रह, करसवलत असे अनेक हेतू एकत्र असतात. महाराष्ट्रातील ठळक उदाहरणे पाहता दात्याची ओढ पदवीपत्रावर नाव असलेल्या विद्यापीठापेक्षा तो जिथे राहिला त्या वसतिगृहाकडे आणि ज्यांनी शिकवले त्या शिक्षकांकडे अधिक दिसते. माहूर, किनवट यांसारख्या तालुक्यांतील विद्यार्थ्यांच्या संदर्भात हा भेद महत्त्वाचा आहे.

पार्श्वभूमी

माजी विद्यार्थ्यांकडून दरवर्षी निधी जमवण्याची पद्धत अमेरिकेतील येल विद्यापीठाने १८९० मध्ये सुरू केली. महाराष्ट्रात मात्र उच्च शिक्षणाला मोठ्या देणग्या प्रथम मिळाल्या त्या व्यापाऱ्यांकडून. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्यासाठी प्रेमचंद रायचंद यांनी, तर महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठासाठी विठ्ठलदास ठाकरसी यांनी दान दिले. दोघांनीही आपापल्या आईचे नाव मागे ठेवले. दोघेही त्या संस्थांचे विद्यार्थी नव्हते.

प्रेरणा

भारतीय परंपरेत गुरुदक्षिणा आणि ऋषिऋण या कल्पना आधीपासून आहेत. जून २०२५ मध्ये मुकेश अंबानी यांनी मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेला (पूर्वीची यूडीसीटी) १५१ कोटी रुपये जाहीर केले, तेव्हा त्यांनी या दानाला गुरुदक्षिणा म्हटले आणि त्याचे कारण म्हणून प्रा. एम. एम. शर्मा या आपल्या शिक्षकांचे नाव घेतले.

नंदन निलेकणी १९७३ मध्ये आयआयटी मुंबईत दाखल झाले. या नात्याला पन्नास वर्षे झाली, त्या निमित्ताने २०२३ मध्ये त्यांनी संस्थेला ३१५ कोटी रुपये दिले. त्यापूर्वीच्या ८५ कोटींतून नवी वसतिगृहेही उभी राहिली होती. याच संस्थेच्या १९९८च्या तुकडीने रौप्यमहोत्सवानिमित्त ५७ कोटी रुपये जमवले. एकेकट्याने दिले नसते असे अनेक जण जुन्या खोलीसोबत्याने मागितल्यावर देतात, हे अशा तुकडीनिधींचे खरे बळ.

अर्थशास्त्रज्ञ जेम्स अँड्रिओनी यांच्या मते दात्याला देण्याच्या कृतीतूनच एक ऊब मिळते. दानाचा उपयोग किती झाला, हा त्याच्या लेखी एकमेव हिशेब नसतो. जोनाथन मीर व हार्वे रोझेन यांनी एका अमेरिकी खासगी विद्यापीठाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मुले प्रवेशाच्या वयाची होऊ लागली की पालकांच्या देणग्या वाढतात आणि प्रवेश नाकारला गेल्यास त्या घसरतात, असे आढळले. त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासानुसार, कर्ज काढून शिकलेल्यांचे देण्याचे प्रमाण कमी असते. शुल्क भरून शिकलेल्याला संस्थेशी आपला व्यवहार पूर्ण झाला असे वाटणे स्वाभाविक आहे.

नांदेड परिसर

उस्मानिया विद्यापीठ (१९१८) हैदराबादला होते आणि तिथे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ १९५८ मध्ये औरंगाबादला मिळाले. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, स्थापन झाले. त्याचे सर्वांत जुने पदवीधरही अजून सुवर्णमहोत्सवी मेळाव्यापर्यंत पोहोचलेले नाहीत.

शिवाय हे संलग्नता देणारे विद्यापीठ आहे. पैनगंगेच्या खोऱ्यातील माहूरहून नांदेड शंभर किलोमीटरहून दूर. तालुक्यातील किंवा शेजारच्या गावातील महाविद्यालयात तीन वर्षे काढणाऱ्या विद्यार्थ्याचा विद्यापीठाशी संबंध येतो तो परीक्षा अर्ज, निकाल आणि पदवीपत्रापुरता. गोंड, कोलाम, बंजारा घरांतून पदवीपर्यंत पोहोचणाऱ्या पहिल्या पिढीवर धाकट्या भावंडांच्या शिक्षणाचा भारही असतो. घरातल्या किंवा तांड्यावरच्या दुसऱ्या मुलाचे शुल्क भरणे हेही परतफेडच आहे, पण ते कोणत्याही संस्थेच्या देणगीवहीत नोंदले जात नाही. त्यामुळे मोठी रक्कम दिसली नाही म्हणून या भागात कृतज्ञता नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

शिक्षकाभोवती जमणाऱ्या निष्ठेचे उदाहरण नांदेडातच आहे. पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर १९८२ मध्ये वारले. त्यांच्या नावाचे प्रतिष्ठान शहरात आहे. लातूरमध्ये हीच निष्ठा अनेकदा अकरावी-बारावीच्या महाविद्यालयाशी जोडलेली असते, कारण ‘लातूर पॅटर्न’मधून वैद्यकीय व अभियांत्रिकी शाखांकडे गेलेल्यांच्या आयुष्याला वळण तिथे मिळाले.

नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग हा एक घटक असून त्यात नोंदणीकृत संघटनेची विचारणा होते. अर्थात मूल्यांकनासाठी नोंदवलेली संघटना आणि आपसूक जमलेली संघटना यांत फरक राहतोच.

कर व कायदा

प्राप्तिकर कायद्यानुसार मान्यताप्राप्त संस्थांना दिलेल्या देणगीवर वजावट मिळते. नव्या करप्रणालीत मात्र व्यक्तींना ती मिळत नाही. परदेशस्थ माजी विद्यार्थ्याकडे भारतीय पारपत्र असेल, तर त्याने स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी विदेशी योगदान ठरत नाही. त्याने परकीय नागरिकत्व घेतले असल्यास विदेशी योगदान (विनियमन) कायदा, २०१० लागू होतो आणि संस्थेला नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते.