भागोजी शिंदे यांची पट्टी आणि हाताच्या उपचाराचा इतिहास

1910 साली दिवाळीत, धनत्रयोदशीच्या दिवशी शिर्डीच्या मशिदीत साईबाबांचा हात धुनीत भाजला. गोविंद रघुनाथ दाभोलकर म्हणजे हेमाडपंत यांनी ‘श्रीसाईसच्चरिता’च्या सातव्या अध्यायात हा प्रसंग नोंदवला आहे. दूरच्या गावी एका लोहाराचे मूल भट्टीत पडले आणि त्याला वाचवण्यासाठी बाबांनी इथे आगीत हात घातला, अशी भाविकांची श्रद्धा आहे. या चमत्काराबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या भाजलेल्या हाताचे पुढे काय झाले, याची चर्चा मात्र कमी होते. हाताच्या उपचाराचा इतिहास शोधणाऱ्याला हा पुढचा भागच अधिक महत्त्वाचा वाटेल.

माधवराव देशपांडे यांनी बाबांना कमरेला धरून मागे ओढले आणि घडला प्रकार नानासाहेब चांदोरकरांना कळवला. चांदोरकर सरकारी अधिकारी होते. ते मुंबईचे नामांकित डॉक्टर परमानंद यांना मलम, कापूस आणि पट्ट्या घेऊन शिर्डीत आले. बाबांनी त्यांना हात दाखवला नाही. अल्लाह हाच आपला वैद्य आहे, अशी त्यांची भूमिका होती. तो हात त्यांनी सोपवला भागोजी शिंदे यांच्याकडे. भागोजी कुष्ठरोगी होते. त्यांची बोटे आखडली होती, अंगावर जखमा होत्या. ते रोज सकाळी पट्टी सोडायचे, हाताला तूप चोळायचे, वर पान ठेवायचे आणि पुन्हा घट्ट पट्टी बांधायचे. हात बरा झाला, तरी हा क्रम थांबला नाही. 15 ऑक्टोबर 1918 रोजी बाबांचे निधन होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ आठ वर्षे तो चालू राहिला.

त्या काळात याचा अर्थ काय होता, हे समजून घ्यायला हवे. 1898 साली ब्रिटिश सरकारने कुष्ठरुग्णांसाठी कायदा केला होता. गरीब, भीक मागणाऱ्या कुष्ठरुग्णांना पकडून वेगळ्या आश्रमात डांबण्याची तरतूद त्यात होती. हा कायदा 2016 साली रद्द झाला. ज्या माणसाला गावाबाहेर काढायचे, त्याच्याकडून एका मशिदीत रोज मलमपट्टी करून घेतली जात होती आणि गाव ते पाहत होते. इस्लामी इतिहासात याला जुना संदर्भ सापडतो. उमय्या खलिफा वलीद बिन अब्दुल मलिक यांनी आठव्या शतकाच्या सुरुवातीला कुष्ठरुग्णांना भीक मागावी लागू नये म्हणून वेतन बांधून दिले, अपंगांना सेवक आणि अंधांना वाटाड्या दिला, असे तबरी यांच्या इतिहासात नोंदले आहे. शिर्डीत तर रुग्णालाच उपचार करणाऱ्याची जागा मिळाली.

आजच्या वैद्यकशास्त्राच्या कसोटीवर भागोजींचा उपचार कसा ठरतो? श्रद्धेचा मान राखूनही हा प्रश्न विचारता येतो. ताज्या भाजलेल्या जागेवर तूप लावू नये. तुपाने उष्णता आत कोंडते, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. भाजल्यावर लगेच वीसेक मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे, अंगठी-बांगड्या सूज येण्याआधी काढाव्यात आणि स्वच्छ कापड सैलसर गुंडाळून दवाखाना गाठावा. मात्र जखम भरून आल्यानंतरचा काळ वेगळा असतो. भाजल्याचा व्रण महिनोन् महिने आक्रसत राहतो. तो बोटांना ओढतो आणि हात वाकडा करतो. म्हणून बऱ्या झालेल्या व्रणाला रोज स्निग्ध पदार्थाने मालिश करणे आणि त्यावर मापात दाब देणारे हातमोजे वा पट्ट्या दीर्घकाळ वापरणे, हा आजच्या हँड थेरपीचा नेहमीचा भाग आहे. भागोजींचे पहिल्या दिवसाचे तूप आज कोणी मान्य करणार नाही. पुढच्या काळातली मालिश आणि दाबाची पट्टी मात्र आजच्या थेरपिस्टला ओळखीची वाटेल.

गंमत अशी, की हाताच्या आधुनिक उपचाराचा मोठा भाग कुष्ठरोग्यांच्या हातांवरच शिकला गेला, तोही भारतात. डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म 1914 सालचा, तमिळनाडूतील कोल्ली डोंगरातला. 1946 साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. पुढे चिंगलपेटच्या कुष्ठधामात त्यांनी एका रुग्णाच्या वाकड्या हातात आपला हात दिला आणि दाबायला सांगितले. पकड इतकी जोरदार होती की ब्रँड यांना कळ आली. सगळेच स्नायू मेलेले नाहीत, हे त्यांना त्या क्षणी उमगले. कुष्ठरोगात कोपराजवळची आणि मनगटाजवळची नस बिघडते, त्यामुळे तळहातातले छोटे स्नायू लुळे पडतात आणि बोटे पंज्यासारखी वळतात. हाताच्या पुढच्या भागातले मोठे स्नायू बहुधा शाबूत असतात. त्यातल्या एकाचा कंडरा वळवून बोटांना जोडला तर बोटे पुन्हा उघडतात. ब्रँड यांनी ही शस्त्रक्रिया रूढ केली. बोटे झडतात ती रोग त्यांना खातो म्हणून नाही, तर संवेदना गेल्याने चटका, काच आणि जखम कळत नाही म्हणून, हेही त्यांनी दाखवून दिले.

शस्त्रक्रियेनंतर जोडलेल्या स्नायूला नवे काम शिकवावे लागते. त्यासाठी रोज सराव करून घेणारा माणूस लागतो. तोच हँड थेरपिस्ट. 1966 साली ब्रँड अमेरिकेत लुइझियानातील कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले आणि तिथल्या थेरपिस्टांच्या पिढीला त्यांचे मार्गदर्शन मिळाले. अमेरिकेतील हँड थेरपिस्टांची संघटना 1977 साली स्थापन झाली.

महाराष्ट्राचा वाटाही लहान नाही. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर भारतीय झालेल्या कमला निंबकर यांनी 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण सुरू केले. 1952 साली या क्षेत्राचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा दहा संस्थापक देशांत भारत होता. मुंबईच्या जेजे रुग्णालयातील डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांच्या हात आणि चेहऱ्यांवरील प्लास्टिक सर्जरीला वाहून घेतले.

शिर्डी ज्या राहाता तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात लोणीला आज डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाचे फिजिओथेरपी कॉलेज आहे. हा ऊसपट्टा आहे. इथे उसाचा कोयता आहे, कडबाकुट्टीचे यंत्र आहे, कारखान्याचा पट्टा आहे. हाताला इजा होण्याच्या जागा घरोघरी आहेत. अशा भागात शिकणाऱ्या नव्या थेरपिस्टने आधी काय शिकावे?

पहिली गोष्ट, दोन्ही हात शेजारी ठेवून पाहणे. रुग्णाचा दुसरा, चांगला हात हेच त्याचे माप असते. दुसरी, स्पर्श. गरम आहे का, घाम येतो का, कातडी सरकते का, हे बोटांनी कळते. मग मोजणी येते. सांध्यांचे कोन गोनिओमीटरने, पकड डायनामोमीटरने आणि संवेदना नायलॉनच्या बारीक तंतूंनी मोजतात. तिसरी, हात विश्रांतीत कसा ठेवायचा. वरच्या बाजूने भाजलेला हात स्प्लिंटमध्ये ठेवताना मनगट थोडे मागे, बोटांच्या मुळाचे सांधे वाकलेले आणि पुढचे सांधे सरळ ठेवतात. नाहीतर हात आखडतो तो कायमचा. संवेदना गेलेल्या हाताच्या रुग्णाला रोज हात पाण्यात भिजवणे, घट्टे हलके घासणे, तेल लावणे आणि जखम शोधणे शिकवावे लागते.

चौथी गोष्ट पुस्तकात पुरेशी सापडत नाही. हा हात कशासाठी हवा आहे, हे विचारणे. भाकरी थापणाऱ्या बाईला तळहात सपाट उघडता यायला हवा. हाताने जेवणाऱ्याला पाचही बोटे एकत्र जुळवता यायला हवीत. नमाज पढणाऱ्याला सजद्यात तळहात जमिनीवर टेकवायचे असतात, त्यासाठी मनगट बरेच मागे वाकावे लागते. मनगटाच्या अस्थिभंगानंतर बरी झालेली म्हातारी ‘दुखत नाही’ म्हणेल, पण सजदा मुठीवर करत राहील. थेरपिस्टने विचारलेच नाही, तर ती सांगणार नाही.

यातले सगळे काही भागोजींना ठाऊक नव्हते. डॉक्टर परमानंद यांच्याकडे त्या काळचे ज्ञान नक्कीच अधिक होते. पण हाताचा उपचार रोज करावा लागतो, वर्षानुवर्षे करावा लागतो आणि तो करणारा त्या हाताला किळस न करता धरतो, हे शिर्डीच्या मशिदीत एका कुष्ठरोग्याने दाखवले. ज्याच्या स्वतःच्या बोटांवर कोणी उपचार करत नव्हते, तो दुसऱ्याचा हात चोळत होता. लोणीत किंवा मुंबईत पहिल्या वर्षाला बसणाऱ्या विद्यार्थ्याला सांध्यांचे कोन शिकवण्याआधी ही आठ वर्षांची गोष्ट सांगायला हरकत नाही.