सार्वजनिक न्यास : विलीनीकरण व मिळकतसंरक्षण

धर्मादाय संस्थेच्या रचनेत बदल होताना तिची मालमत्ता मूळ हेतूलाच बांधलेली राहावी, यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यात केलेली तरतूद. बारामतीतील अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट (१९७१) व विद्या प्रतिष्ठान (१९७२) यांसारख्या संस्थांमुळे बारामती-इंदापूर भागात या कायद्याचे महत्त्व विशेष आहे. कलम ३६ नुसार न्यासाची स्थावर मिळकत विकणे, बक्षीस देणे किंवा अदलाबदल करणे, तसेच शेतजमीन दहा वर्षांहून व बिगरशेती जमीन वा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने देणे, यांसाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. विश्वस्तांचा एकमुखी ठराव तिची जागा घेऊ शकत नाही, आणि हीच या कायद्याची खरी ताकद होय. फसवणुकीने मिळवलेली मंजुरी रद्द करता येते. दोन न्यासांचे एकत्रीकरण कलम ५०अ खालील सामाईक योजनेने होते. न्यासाच्या नोंदीतील बदल कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांत कळवावा लागतो. नोंदींत तफावत राहू नये म्हणून जमिनीचा सातबारा व न्यासाच्या नोंदवहीचा उतारा (परिशिष्ट १) शेजारी ठेवून गट क्रमांक व क्षेत्र ताडून पाहणे अगत्याचे ठरते.