प्रणाली-चिन्हांची सदिश निर्यात

प्रणाली-चिन्हांची सदिश निर्यात म्हणजे संगणकाच्या किंवा भ्रमणध्वनीच्या संचालन प्रणालीत अंतर्भूत असलेली छोटी चिन्हे (आयकॉन) बाह्यरेषांच्या गणिती वर्णनाच्या रूपात वेगळी काढून ती इंकस्केप, फिग्मा, अडोबी इलस्ट्रेटर यांसारख्या अभिकल्पन साधनांत वापरण्याजोगी करण्याची प्रक्रिया होय. शोध, मुद्रण, कचरापेटी, विजेरी ही अशा चिन्हांची परिचित उदाहरणे आहेत. निर्यातीसाठी प्रामुख्याने एसव्हीजी (स्केलेबल व्हेक्टर ग्राफिक्स) हे संचिका-स्वरूप वापरले जाते.

पार्श्वभूमी

आरंभीच्या आलेखी संगणकांवरील चिन्हे चित्रबिंदूंची बनलेली असत. १९८४ साली बाजारात आलेल्या मॅकिंटॉश संगणकाची चिन्हे सुझन केर यांनी आलेख कागदावर ३२ × ३२ चौकटी भरून रेखाटली होती. असे चित्र मोठे केल्यास त्याच्या कडा दातेरी दिसतात. सदिश चित्रात मात्र बिंदूंऐवजी रेषा व वक्र यांची सूत्रे साठवलेली असल्याने ते कोणत्याही आकारात रेखीव राहते. हे वक्र रेनो या मोटार कंपनीतील अभियंते पियेर बेझिए यांच्या नावाने ओळखले जातात. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ४ सप्टेंबर २००१ रोजी एसव्हीजीच्या पहिल्या आवृत्तीस शिफारशीचा दर्जा दिला.

चिन्हांचे स्रोत

निर्यातीची रीत चिन्ह मुळात कसे साठवले आहे यावर अवलंबून असते.

ग्नोम: लिनक्सवरील या कार्यपटलाची एकरंगी चिन्हे मुळातच एसव्हीजी संचिका असतात. त्यांची केवळ प्रत घ्यावी लागते.

अँड्रॉइड: २०१४ च्या ५.० आवृत्तीपासून 'व्हेक्टर ड्रॉएबल' हे स्वरूप उपलब्ध आहे. त्यातील मार्गवर्णन एसव्हीजीशी मिळतेजुळते असल्याने रूपांतर सोपे असते.

विंडोज: विंडोज १० मधील 'सेगो एमडीएल२ अ‍ॅसेट्स' आणि विंडोज ११ मधील 'सेगो फ्लुएंट आयकॉन्स' हे टंक (फॉन्ट) असून त्यांत अक्षरांच्या जागी चिन्हे आहेत. फॉन्टफोर्जसारख्या टंक-संपादकात टंक उघडून हवे ते चिन्ह एसव्हीजीत काढता येते.

अ‍ॅपल: २०१९ साली सादर झालेल्या 'एसएफ सिम्बॉल्स' संग्रहाच्या उपयोजनातून साचा-संचिका निर्यात होते. तीत एकाच चिन्हाच्या निरनिराळ्या जाडीच्या आवृत्त्या असतात. त्यांतील हवी ती वेगळी करावी लागते.

निर्यातीतील दोष व दक्षता

टंकात उभ्या अक्षाची दिशा खालून वर असते, तर एसव्हीजीत ती वरून खाली असते. रूपांतरात याचा हिशेब न झाल्यास चिन्ह उलटे पडते. बंद आकृतीतील पोकळी भरली जाणे हा दुसरा नेहमीचा दोष होय. आतील व बाहेरील बाह्यरेषांची दिशा आणि भरणनियम यांचा मेळ न बसल्यास कुलपाची कडी किंवा भिंगाचे वर्तुळ भरीव दिसते. रेषेची जाडी आकारासोबत बदलावयास हवी असल्यास रेषेचे आधी बाह्याकृतीत रूपांतर केले जाते. मात्र त्यानंतर जाडी स्वतंत्रपणे बदलता येत नाही, म्हणून मूळ संचिका जपून ठेवणे इष्ट असते. चिन्हाभोवतीची मोकळी जागा हीदेखील आराखड्याचा भाग असते. चौकट आकृतीला घट्ट बसवल्यास एका ओळीतील चिन्हे परस्परांशी जुळत नाहीत.

संकेतांक आणि बाह्यरेषा: रुपयाचे चिन्ह

टंकातील बहुतेक चिन्हे युनिकोडच्या खासगी वापराच्या क्षेत्रात ठेवलेली असतात. या क्षेत्रातील संकेतांकांना सर्वमान्य अर्थ नसतो. त्यामुळे असे चिन्ह मजकूर म्हणून चिकटवल्यास, तो टंक नसलेल्या संगणकावर रिकामी चौकट किंवा भलतेच चिन्ह दिसते. बाह्यरेषेच्या रूपात निर्यात केलेले चिन्ह मात्र आपला आकार सोबत घेऊन जाते.

हा फरक भारतात रुपयाच्या चिन्हाच्या निमित्ताने ठळकपणे दिसून आला. आयआयटी मुंबईच्या पवई येथील औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकलेले उदयकुमार धर्मलिंगम यांचे देवनागरी 'र' व रोमन 'आर' यांच्या मेळातून साकारलेले चिन्ह (₹) केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. आराखडा तयार होता, पण त्यास संकेतांक नव्हता. तेव्हा मंगळूरच्या फोरेडियन टेक्नॉलॉजीज या कंपनीने एक टंक प्रसृत केला. त्यात कळफलकावर फारशी न वापरली जाणारी एक कळ दाबल्यास रुपयाचे चिन्ह उमटे. परंतु तो टंक नसलेल्या संगणकावर त्याच मजकुरात किमतीपुढे त्या कळीचे मूळ चिन्हच दिसे. ऑक्टोबर २०१० मधील युनिकोड ६.० मध्ये यू+२०बी९ हा स्वतंत्र संकेतांक मिळाला आणि मे २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ साठी अद्यतन दिले. त्यानंतरच मजकुरातील चिन्हाचा अर्थ टंक बदलला तरी कायम राहू लागला.

यावरून दोन्ही पद्धतींचे क्षेत्र स्पष्ट होते. मजकुरात वाचले, शोधले वा बेरजेत घेतले जाणारे चिन्ह प्रमाणित संकेतांकाने लिहावे लागते. केवळ पाहण्याचे चिन्ह बाह्यरेषेने जपता येते. एसव्हीजी चिन्हास शीर्षक जोडल्यास दृष्टिबाधित वापरकर्त्यांच्या पडदा-वाचकालाही त्याचा अर्थ सांगता येतो.

परवाने

चिन्ह तांत्रिकदृष्ट्या निर्यात करता येणे म्हणजे ते कोठेही वापरण्याची मुभा असणे नव्हे. गूगलची मटेरियल चिन्हे अपाची २.० परवान्याखाली असून त्यांत बदल करण्यास व व्यावसायिक वापरास मोकळीक आहे. अ‍ॅपलच्या अटींनुसार एसएफ सिम्बॉल्समधील चिन्हे, किंवा त्यांच्याशी भ्रम होण्याइतके साम्य असलेली चिन्हे, उपयोजनाचे मुख्य चिन्ह, बोधचिन्ह वा व्यापारचिन्ह म्हणून वापरता येत नाहीत.