दमडी

‘चमडी जाईल, पण दमडी सुटणार नाही,’ असं आपण कंजुषाला म्हणतो. ही दमडी मूळची ग्रीक. तिकडच्या ‘द्राख्मे’ नाण्याचं संस्कृतात ‘द्रम्म’ झालं, प्राकृतात ‘दम्म’, मराठीत ‘दाम’. त्याला लघुत्वाचा ‘डी’ लागला नि दमडी झाली.

बायबलचा नवा करारही ग्रीकमध्येच लिहिलेला. त्यातल्या लूकच्या शुभवर्तमानात, १५व्या अध्यायातल्या दृष्टांतात, एका बाईच्या दहा द्राख्मांतली एक हरवते. ती दिवा लावते, घर झाडते, सापडल्यावर शेजारणींना बोलावते. ख्रिस्ती श्रद्धेत ही झाडणारी बाई म्हणजे देव, हरवलेलं नाणं म्हणजे माणूस. धुळीत पडलं म्हणून नाण्याचं मोल घटत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात एका नाण्याला दोन चिमण्या मिळतात, लूकच्या १२व्या अध्यायात दोन नाण्यांना पाच. म्हणजे पाचवी फुकट! देव तिलाही विसरत नाही.

परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडला हे परकं वाटू नये. तिथल्या संत जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल तिच्यासोबत दळतो, तिने झाडलेला केर भरतो. नामयाच्या, म्हणजे संत नामदेवांच्या, या दासीचं मोलही विठ्ठलाने दमडीत मोजलं नाही.