ताप यंत्राचा, बोल मालकाला

यंत्राचा जन्म इतिहासात नोंदला जातो. त्याचा बिघाड मात्र दुरुस्तीच्या पावतीवरच संपतो. वास्तविक पाहता, एखाद्या वस्तूबाबत अधिकार कोणाचा आणि जबाबदारी कोणाची, हे ती वस्तू बिघडल्यावरच स्पष्ट होते. २००७-०८च्या सुमारास जगभरच्या लॅपटॉपांमध्ये ग्राफिक्स चिपचा जो बिघाड उद्भवला, तो या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. प्राध्यापकांच्या आणि संशोधक विद्यार्थ्यांच्या टेबलावर लॅपटॉप नुकता येऊ लागला होता, तो हा काळ. त्यामुळे या प्रकरणाकडे केवळ तांत्रिक बाब म्हणून न पाहता, दोष कोणाच्या पदरी घातला गेला, या अंगाने पाहणे उचित ठरेल.

या बिघाडाची लक्षणे ठरावीक होती. प्रथम पडद्यावर उभ्याआडव्या रेषा उमटत, मग अक्षरे विस्कटत, आणि एके दिवशी पडदा काळा होई. आतला पंखा फिरत राही, दिवे लागत, परंतु दिसत काहीच नसे. सोलापूरसारख्या शहरात याचे निदान हाताशीच असे. येथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, धूळ बारमाही, २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाची भर पडलेली. शिवाय लॅपटॉप गादीवर किंवा चादरीवर ठेवून काम करण्याची सवय, म्हणजे तळाच्या जाळीतून हवा आत जाण्याचा मार्गच बंद. तेव्हा यंत्र 'उन्हाने गेले' किंवा 'नीट वापरले नाही' असा निर्वाळा सहज दिला जाई.

हा निर्वाळा सर्वस्वी खोटा होता असे नव्हे. कोंदलेली जाळी आणि सुकलेली थर्मल पेस्ट यांमुळे यंत्र तापतेच. परंतु निव्वळ तापलेले यंत्र आपणहून बंद पडते आणि निवल्यावर पूर्ववत चालते. निवल्यानंतरही पडदा काळाच राहत असेल, तर आत काहीतरी तुटलेले असण्याचा संशय घ्यावा लागतो. या चिपांच्या बाबतीत तसेच घडले होते. ग्राफिक्स चिपचा सिलिकॉनचा तुकडा खालच्या पट्टीशी सोल्डरच्या (जुन्या भाषेत डाखेच्या) सूक्ष्म ठिपक्यांनी जोडलेला असतो, आणि ठिपक्यांमधल्या पोकळीत आधारासाठी राळेसारखे द्रव्य भरलेले असते. उष्णतेने खालची पट्टी सिलिकॉनच्या कितीतरी पट प्रसरण पावते. यंत्र चालू झाले की ताण, बंद झाले की आकुंचन, हे चक्र शेकडो वेळा होते. भरलेले द्रव्य ऐन उष्णतेत मऊ पडणारे असेल आणि सोल्डरही शीण न सोसणारे असेल, तर ठिपक्यांना तडे जातात. म्हणजे उष्णता हे निमित्त होते. तिला तोंड देऊ न शकणारी सामग्री निवडली गेली होती.

हे मालकांना कळले ते आडवाटेने. २ जुलै २००८ रोजी एनव्हिडिया या अमेरिकन चिप-उत्पादक कंपनीने १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. हे निवेदन लॅपटॉपच्या मालकांना उद्देशून नव्हते. ते भागधारकांसाठी, शेअरबाजाराच्या नियामकाकडे सादर केलेले होते. वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्याची वाक्यरचना अवश्य पाहावी. मूळ कारण निश्चित झालेले नाही, असे सांगून तेथे तीन घटक एका ओळीत बसवले आहेत : चिप व तिच्या वेष्टनाची कमकुवत सामग्री, लॅपटॉपमधील उष्णतानियंत्रणाची रचना आणि ग्राहकांच्या वापराच्या पद्धती. पहिला घटक चिप बनवणाऱ्याचा, दुसरा लॅपटॉप बनवणाऱ्याचा आणि तिसरा विकत घेणाऱ्याचा. जोडवाक्यातल्या एका 'आणि'ने मालकाला सहआरोपी करून टाकले. लॅपटॉप रोज उघडणे, वापरणे आणि मिटणे हाच ज्याचा 'वापर', त्याने वेगळे काय करायला हवे होते, याचे उत्तर त्या वाक्यात नाही.

गिरण्यांच्या सोलापूरला ही रीत अपरिचित नाही. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढे शहराची ओळखच गिरणीशी जोडली गेली. विणताना धागा तुटण्याला सुताची प्रत, मागाची अवस्था, हवेतला दमटपणा अशी अनेक कारणे असतात. दोष मात्र विणकराच्या हाताला लावणे सोपे. मुंबईच्या गिरण्यांत खराब कापडाबद्दल विणकराच्या मजुरीतून दंड कापण्याची प्रथा होती. १९३६च्या वेतन प्रदान कायद्याने अशा कपातींवर बंधने घातली : नुकसान कामगाराच्या हयगयीनेच झालेले असले पाहिजे, आणि कपातीपूर्वी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळाली पाहिजे. दोष ठेवण्याआधी ऐकून घ्यावे, हे तत्त्व गिरणीत कायद्याने आणावे लागले. लॅपटॉपच्या दुकानात ते आपोआप आले नाही.

लॅपटॉप-उत्पादकांनी पुढे काही उपाय केले. डेलने यंत्राचा पंखा अधिक वेळ फिरत राहील असा बायॉसमधील बदल दिला आणि ठरावीक मॉडेलांची हमी वाढवली. ऑक्टोबर २००८ मध्ये अ‍ॅपलने स्वतःच्या तपासणीअंती आपल्या काही यंत्रांतही हा दोष असल्याचे मान्य केले आणि विनामूल्य दुरुस्ती देऊ केली. अमेरिकेतील सामूहिक दाव्यात डिसेंबर २०१० मध्ये तडजोडीला न्यायालयाची मंजुरी मिळाली. तिचा लाभ मात्र अमेरिकेतील रहिवाशांपुरता होता. चिप तीच, दोष तोच. सोलापूरचा मालक त्या तडजोडीच्या बाहेर.

त्याच्या वाट्याला आली ती दुरुस्तीची दुकाने. तेथे गरम हवेच्या झोताने चिप शेकून देत. यंत्र काही आठवडे चाले आणि पुन्हा मिटे. अधिक पैसे मोजल्यास 'रिबॉलिंग' करून मिळे. परंतु त्यात बदलतात ते चिप आणि मदरबोर्ड यांमधील सोल्डरचे गोळे. तडे गेलेले ठिपके त्याच्याही वर, चिपच्या पोटात होते. मालक चुकीच्या सांध्यासाठी पैसे भरत होता. 'बोर्ड गेला' हे ऐकून कित्येकांनी त्याबरोबर प्रबंधाची प्रकरणेही गेली असे मानले. वस्तुतः ग्राफिक्स चिप निकामी झाल्याने हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की मजकूर मिळतो. मराठी लेखकाला पुढची अडचण फाँटची. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला मजकूर तो फाँट नसलेल्या यंत्रावर निरर्थक चिन्हांची रांग होऊन बसे.

आपल्याकडे १९८६चा ग्राहक संरक्षण कायदा होता. वस्तूतील दोष तपासण्यासाठी ती प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूदही त्यात होती. परंतु तक्रार दाखल करण्यास दोन वर्षांची मुदत, आणि दोष चिपच्या पोटात, डोळ्यांना न दिसणारा. आपल्या यंत्राचा दोष व्यक्तिगत नसून हजारोंचा आहे, हे ठाऊक नसलेला मालक तक्रार कशाची करणार? त्या जागी २०१९चा कायदा आला. २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काविषयीचे संकेतस्थळही सुरू केले. ही प्रगती स्वागतार्ह आहे. तथापि, हक्क बजावण्यासाठी आधी माहिती लागते, आणि या प्रकरणात ती माहिती प्रथम भागधारकाला मिळाली, मालकाला नंतर.

मराठीत 'ताप' हा शब्द उष्णतेला, आजाराला आणि मनस्तापाला सारखाच चालतो. तीनही अर्थांनी तो मालकाने सोसला. या बिघाडाचा इतिहास लिहिताना सोलापूरच्या उन्हाची नोंद अवश्य करावी. पण ती साक्षीदार म्हणून, आरोपी म्हणून नव्हे.