सीमेवरचा सरदार

पुण्याला एका लग्नात पंक्तीतले एक गृहस्थ माझी मराठी ऐकून हसत म्हणाले, "तुम्ही काय बुवा, सीमेवरची माणसं!" बोलण्यात वाईट हेतू नव्हता, पण शब्द मनात रुतून बसला. त्याचे उत्तर मला पुढे हळर्णच्या किल्ल्यात सापडले.

पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या काठी हा लहानसा किल्ला आहे. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रू मिगेल द आल्मैद याने तो सावंतवाडीकर भोसल्यांकडून जिंकला. त्या विजयाची आठवण म्हणून १७४८ साली त्याच्या किताबातले आधीचे नाव बदलून त्याला 'मार्केश द आलोर्न', म्हणजे हळर्णचा मार्क्विस, करण्यात आले. मार्क्विस म्हणजे नेमके काय, म्हणून घरी येऊन कोश उघडले.

मूळ शब्द जर्मानिक, 'मार्का'. अर्थ सीमा. त्यापासून फ्रेंच 'मार्की', इटालियन 'मार्केझे', पोर्तुगीज 'मार्केश' झाले. जर्मनांनी 'ग्राफ' जोडून 'मार्कग्राफ' केले, तर हंगेरियनांनी 'ओर्ग्रोफ', म्हणजे राखणदार ग्राफ. डेन्मार्क या देशनावातही तोच 'मार्क' आहे.

शार्लमेनच्या राज्यात आतल्या मुलखावर काउंट असत. हा शब्द लॅटिन 'कोमेस'वरून आला. अर्थ राजाचा सोबती. सीमेवरच्या काउंटाची गोष्ट निराळी. शत्रू दारात आल्यावर राजाच्या हुकमाची वाट पाहत बसणे त्याला परवडणारे नव्हते. म्हणून त्याच्या हाती फौज अधिक, मुलूख अधिक, अधिकारही अधिक. पुढे मानाच्या उतरंडीत मार्क्विस काउंटाच्या वर बसला तो यामुळे.

इंग्लंडमध्ये हा किताब १३८५ साली प्रथम दिला गेला. तिथे तो इतका परका वाटे की गेलेली मार्क्विसची पदवी परत मिळण्याची वेळ आली तेव्हा, १४०२ साली, जॉन बोफर्टने हे नाव या देशात अनोळखी आहे म्हणून नकोच म्हटले! पुढे सीमेशी नाते तुटले, मान तेवढा राहिला. श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर १७९९ साली वेलस्ली मार्क्विस झाला तो असाच.

या शब्दाचे गोत मोठे आहे. वहीतल्या समासाला इंग्रजीत मार्जिन म्हणतात, तो लॅटिन 'मार्गो'चा वंशज, म्हणजे 'मार्का'चा भाऊबंद. फारसीतला 'मर्झ', सीमा, त्याच घरचा. सासानी राजांचे सीमारक्षक ते 'मर्झबान'. १८२२ साली 'मुंबई समाचार' काढणाऱ्या फर्दुनजींचे आडनाव हेच.

आणि आपल्याकडे? संस्कृत 'सामंत' म्हणजे मुळात सीमेलगतचा, शेजारचा. पुढे मांडलिक राजा. 'सामंत'चा 'सावंत' झाला. म्हणजे हळर्णला एका सीमेवरच्या सरदाराचा किल्ला घेऊन दुसरा 'सीमेवरचा सरदार' म्हणवून घेऊ लागला. धातू निराळे, भाषा निराळ्या, अनुभव मात्र एकच.

शब्दाच्या व्युत्पत्तीने कुणाची जहागीर परत मिळत नाही, हे मला कळते. घरात मराठी आणि बाजारात कानडी बोलणाऱ्या आपल्या मुलांना रोजची ओढाताण चुकत नाही, हेही खरे. पण आता कुणी 'सीमेवरचे' म्हटले की मी मान खाली घालत नाही. समासातली माणसे म्हणा हवे तर. जुन्या जगाने त्यांना वरचे पान वाढले होते.