गाठ लवकर सापडली, पण जीव वाचला का?

आमच्या मालवणाकडे 'दुखत नाही ना, मग बघू' म्हणत छातीतली गाठ अंगावर काढली जाते. गोची अशी, की स्तनाच्या कर्करोगाची सुरुवातीची गाठ बहुतेकदा दुखतच नाही. मॅमोग्राफी गावोगाव नेणं महाग. मग नुसत्या हाताने तपासून भागेल का?

टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये मुंबईच्या गरीब वस्त्यांत हेच तपासायला घेतलं. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका, वीस विभाग. दहा विभागांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी स्तनतपासणी करत, अशा चार फेऱ्या. उरलेल्या दहांत फक्त माहिती आणि पाठपुरावा.

पुढच्या टप्प्यातले (तिसरा-चौथा) कर्करोग तपासणी गटात ३७ टक्के, दुसऱ्या गटात ४७. इथेच थांबायचा मोह होतो. पण समजा, गाठ दोन वर्षं आधी सापडली आणि मृत्यू ठरल्या दिवशीच आला, तरी कागदावर 'निदानानंतरचं आयुष्य' दोन वर्षांनी वाढतं! म्हणून मृत्यूच मोजावे लागतात. त्याला वीस वर्षं लागली. निष्कर्ष छापून आले २०२१ मध्ये.

सगळ्या वयोगटांत मिळून स्तनाच्या कर्करोगाच्या मृत्यूंत १५ टक्के घट दिसली, पण ती योगायोगाची नाही असं ठामपणे म्हणता आलं नाही. पन्नाशी आणि त्यापुढे मात्र घट जवळपास ३० टक्के. त्याखालच्या वयात ठळक फरक नाही. ही वयाची फोड मागाहून केलेली आहे. प्रबंधात ३० चा आकडा घ्याल, तर तेही शेजारीच लिहा.